ठिसूळ हाडात स्क्रूची पकड: सीमेंट, कॉर्टिकल मार्ग की आधी औषध?

सत्तरीपुढची रुग्ण, एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जोडीत) मणका सरकलेला, पायातली कळ औषधांना दाद देत नाही आणि फ्यूजनचा, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडण्याचा, निर्णय झालेला. पण हाड ठिसूळ. नेहमीच्या पद्धतीने पेडिकल (मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्या देहाशी जोडणारा हाडाचा खांब) मधून स्क्रू टाकले तर काही महिन्यांत एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसू लागते, म्हणजे पकड सुटत चालली आहे. यावर वाटा तीन: स्क्रूभोवती हाडाचं सीमेंट भरणं, स्क्रू कडक हाडातून नेणारा कॉर्टिकल मार्ग, किंवा आधी औषधाने हाड मजबूत करणं.

हाड किती ठिसूळ आहे हे आधी नीट मोजा. फक्त कमरेच्या डेक्सावर (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) विसंबू नका. झिजलेल्या मणक्यांच्या वाढलेल्या कडा आणि महाधमनीतलं कॅल्शियमही त्यात मोजलं जातं, त्यामुळे टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा घनतेचा आकडा) खऱ्यापेक्षा चांगला येतो. सीटी बहुधा काढलेला असतोच. कॉन्ट्रास्ट नसलेल्या सीटीत एल१ च्या (कमरेचा पहिला मणका) आडव्या छेदावर, बाहेरची कडक कड टाळून, फक्त जाळीदार हाडात हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरचं घनतेचं माप) मोजा. ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस धरूनच बेत आखा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी साध्या स्क्रूची काही पथ्यं सुटता कामा नयेत. पेडिकल न फुटता मावेल तितका जाड आणि लांब स्क्रू निवडा. नेहमीच्या मार्गात टॅप (स्क्रूसाठी हाडात आटे पाडणारं हत्यार) स्क्रूपेक्षा १ मिमी बारीक ठेवा. स्क्रूचं डोकं हाडावर दाबून बसेपर्यंत आवळू नका. त्याने मागची कड फुटते आणि पकड वाढायच्या ऐवजी घटते. निमुळता स्क्रू एकदा बसला की उंची जुळवायला उलटा फिरवू नका.

आता सीमेंट. सीमेंट बाहेर पडायला भोकं असलेला स्क्रू बसवून बाजूने घेतलेल्या सी-आर्म (ऑपरेशनदरम्यान वापरायचं एक्स-रे यंत्र) चित्रात सगळी भोकं मणक्याच्या देहात, म्हणजे पुढच्या जाड भागात, पोचल्याची खात्री करा. एखादं भोक पेडिकलमध्ये राहिलं तर सीमेंट मज्जारज्जूच्या नलिकेकडे जाऊ शकतं. पेडिकलची आतली भिंत फुटली असेल त्या स्क्रूत सीमेंट भरूच नका. सीमेंट पातळ असताना नव्हे, टूथपेस्टइतकं घट्ट झाल्यावर भरा. कंबरेत दर स्क्रूमागे साधारण १.५ ते २ मिली पुरतं. याहून जास्त भरल्याने पकड फारशी वाढत नाही, गळती मात्र वाढते. सी-आर्मवरून नजर हलवू नका. सीमेंट देहाच्या मागच्या भिंतीकडे किंवा शिरेत सरकताना दिसलं की तिथेच थांबा. शिरेतून ते फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून भरायला घेण्याआधी भूलतज्ज्ञाला सांगा. सीमेंट पूर्ण कडक होईपर्यंत स्क्रू जोडणाऱ्या रॉडवर जोर लावू नका. खरी अडचण पुढे येते: जंतुसंसर्ग झाला तर हे स्क्रू आणि सीमेंट काढणं फार जिकिरीचं होतं.

कॉर्टिकल मार्गात सीमेंट लागत नाही. स्क्रू पार्सपासून (मणक्याच्या मागच्या कमानीतला अरुंद हाडाचा भाग) सुरू होऊन बाहेर आणि वर जातो, त्यामुळे जाळीदार हाडापेक्षा कडक हाडात जास्त रुततो. २००९ मध्ये सँटोनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा सरळ ओढ सोसण्याची त्याची ताकद नेहमीच्या मार्गापेक्षा ३० टक्के जास्त आली. स्क्रू आखूड आणि बारीक असतो. इथे टॅपचा नियम मात्र उलटा: टॅप स्क्रूइतक्याच व्यासाचा घ्या, नाहीतर पार्स तडकतं. वाट ड्रिलने पाडा, आणि लॅमिनेक्टमीच्या (नस मोकळी करण्यासाठी मागचं हाड काढणं) आधी पाडा. आधी नस मोकळी केली तर सुरुवातीचं हाडच उरत नाही. पार्स मुळातच तुटलेलं असेल तर हा मार्ग बाद.

एकच पातळी, पार्स शाबूत आणि नस मोकळी करण्यासाठी फार हाड काढावं लागणार नसेल तर आमचा कल कॉर्टिकल मार्गाकडे आहे. लांब रचना, वाकलेली पाठ सरळ करायची असेल किंवा हाउन्सफील्ड युनिट फारच खाली असतील तर सीमेंट. तेही प्रत्येक स्क्रूत नको. सगळ्यात वरच्या आणि खालच्या मणक्यात, कारण सैल होण्याचा धोका टोकांना जास्त असतो.

ऑपरेशन थांबू शकत असेल तर टेरिपॅराटाइड (नवं हाड घडवणारं इंजेक्शन) रोज २० मायक्रोग्रॅम, शक्यतो दोन-तीन महिने आधीपासून, आणि ऑपरेशननंतरही चालू. व्हिटॅमिन डी आधी भरून काढा. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर औषधासाठी थांबू नका. पूर्वी हाडांना रेडिएशन मिळालं असेल किंवा रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल तर टेरिपॅराटाइड टाळा. कोर्स संपल्यावर हाडांची झीज रोखणारं औषध लगेच सुरू करा, नाहीतर कमावलेली घनता पुन्हा उतरते.