लाँगमाँटचं बंदुकीचं दुकान : आधी कायदा सांगितला, मग रायफल दिली

कोलोरॅडोत पहिल्यांदाच रायफल घेणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहितोय, विशेषतः ज्यांच्या घरात कुणाकडे रेड कार्ड आहे, म्हणजे गांजाचं वैद्यकीय कार्ड, त्यांच्यासाठी.

कोलोरॅडोतल्या लाँगमाँट शहरातलं हे दुकान एका कुटुंबाचं आहे. पुढे मासेमारीचं सामान, मागच्या भिंतीवर लांब बंदुका. मला पॉइंट टू-टूची (लहान गोळीची) बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची रायफल हवी होती, रेंजवर कागदावर नेम धरायला. मी कोल्हापूरचा. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून मुलगी मागे लागली होती. मलाही एनसीसीनंतर रायफल पुन्हा खांद्याला लावायची होतीच.

दुकानाच्या मालकीणबाई साठीच्या. त्यांनी आधी मुलीला हात लांब करायला सांगितला आणि दस्त्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर तिला झेपेल अशाच दोन रायफली खाली काढल्या. एकीच्या दस्त्यात तुकडे घालून लांबी वाढवता येते, म्हणजे मूल वाढलं तरी रायफल बदलायला नको. महागडी त्यांनी समोर ठेवलीही नाही. हे मला फार आवडलं.

मग फॉर्म ४४७३. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना केंद्र सरकारचा हा फॉर्म भरावाच लागतो. मी ग्रीन कार्डवर आहे, त्यामुळे ए-नंबरही, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक, लिहावा लागला. तुम्ही गांजा किंवा इतर अमली पदार्थ बेकायदा वापरता का, हा प्रश्न आला तसं बाईंनी माझं पेन थांबवलं आणि त्याखालची सूचना मोठ्याने वाचून दाखवली : तुमच्या राज्याने औषध म्हणून किंवा मौजेसाठी परवानगी दिली असली, तरी केंद्राच्या कायद्याने गांजा बाळगणं आणि वापरणं बेकायदाच आहे. मग म्हणाल्या, "हा प्रश्न डेन्व्हरचा नाही, वॉशिंग्टनचा आहे. घाई करू नका." म्हणजे राज्याच्या राजधानीचा नाही, केंद्राचा.

याआधी मी एका मोठ्या दुकानात चौकशी केली होती. तिथला पोरगा म्हणाला होता, सगळीकडे 'नाही'वर खूण करायची आणि पुढे जायचं. त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचे चिरंजीव हंटर जून २०२४ मध्ये दोषी ठरले ते याच फॉर्मवरच्या अमली पदार्थांच्या उत्तरामुळे आणि तेव्हा बाळगलेल्या रिव्हॉल्व्हरमुळे. त्यांना डिसेंबरात वडिलांनी माफी दिली. आपल्याला कोण देणार?

मी गांजा घेत नाही. माझी बायको घेते. तिला संधिवात आहे, रात्री एक गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळी, घेतली की बोटं जरा सैल पडतात आणि झोप लागते. ती इथली नागरिक आहे, रेड कार्ड रीतसर काढलंय. कोलोरॅडोने २००० मध्ये औषधासाठी आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी मतदानाने हे मान्य केलं, १ जानेवारी २०१४ पासून उघड विक्री आहे. पण १९६८ चा केंद्राचा बंदूक कायदा बेकायदा अमली पदार्थ वापरणाऱ्याला बंदूक बाळगू देत नाही, आणि हे बेकायदा की नाही ते केंद्र ठरवतं. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. जेवणाबरोबर रोज वाईन घेणाऱ्याला फॉर्म एका शब्दाने विचारत नाही. दुखणं सोसणाऱ्या बाईला मात्र औषध किंवा बंदूक यातलं एक निवडायला लावतो. मला हा उघड अन्याय वाटतो.

मी बाईंना विचारलं, घरातलं दुसरं कुणी घेत असेल तर? त्यांनी नाव विचारलं नाही. फॉर्म फक्त तुमच्याबद्दल आहे, म्हणाल्या, पण बंदूक त्या माणसाच्या हाताशी असता कामा नये. तिजोरी वेगळी, ती उघडायचा आकडा फक्त तुम्हाला माहीत. राज्याचा २०२१ चा कायदाही तेच सांगतो : घरात राहणाऱ्या कुणाला बंदूक बाळगायला मनाई असेल, तर ती कुलपातच हवी. म्हणजे गांजाला परवानगी देणारं राज्यच इथे केंद्राच्या मनाईचा मान राखतं. पुढचं वकिलाला विचारा, असं सांगून त्या थांबल्या. वकील असल्याचा आव आणला नाही, हेही महत्त्वाचं.

नुसतं कार्ड असलं तरी अडतं. नेवाडातल्या एका बाईंना कार्डामुळे दुकानदाराने बंदूक नाकारली, आणि २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने (केंद्राच्या विभागीय अपील न्यायालयाने) ते योग्य ठरवलं. २०२३ मध्ये पाचव्या सर्किटने मात्र एका खटल्यात बंदूक बाळगणाऱ्या गांजा वापरकर्त्याच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेमानी खटला सुनावणीला घेतला, तो अमली पदार्थ वापरणाऱ्याला बंदूक नाकारणाऱ्या याच कलमावरचा. ग्रीन कार्डवाल्यांनी तर गमीला हातच लावू नये. राज्यात कायदेशीर असलेला गांजाही नागरिकत्वाच्या अर्जात 'सद्वर्तना'च्या आड येऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्येच लिहून ठेवलंय.

उणिवा आहेत. पॉइंट टू-टूच्या गोळ्या इथे महाग पडतात. तिजोऱ्या फक्त किल्लीच्या, आकड्याची मला दुसरीकडून आणावी लागली. आणि ऑक्टोबर २०२३ पासून राज्यात किमान तीन दिवस थांबावं लागतं, हे त्यांच्या वेबसाइटवर कुठेच नाही. मुलगी त्याच दिवशी रेंजवर जायच्या तयारीने आली होती, हिरमुसली. रायफलीबरोबर कुलूप मात्र मिळतं, ते देणं कायद्याने बंधनकारकच आहे.

पाचपैकी साडेचार तारे. शनिवारी जाऊ नका, मालकीणबाई आठवड्याच्या दिवशी दुपारी निवांत बोलतात. ओळखपत्रावर सध्याचा पत्ता हवा, ग्रीन कार्ड सोबत ठेवा, आणि तिजोरी आधी घरी बसवून मगच रायफल आणायला जा.