१६ इंची स्क्रोल सॉ, दिवाळी ते श्रावण वापरल्यावर

आधी एक गोंधळ मिटवते, कारण मशीन घरी आल्यापासून सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ते जिगसॉ वाटतंय. सुतार हातात धरून प्लायवर चालवतो ते जिगसॉ. स्क्रोल सॉ टेबलावर बसलेलं असतं, केसापेक्षा थोडं जाड पातं एकाच जागी खालीवर होत राहतं आणि फिरवायचं असतं ते लाकूड, शिलाई मशीनवर कापड फिरवतो तसं. शाळेत हस्तकलेच्या तासाला ज्यांनी ती यू आकाराची फ्रेटवर्कची करवत चालवलीये त्यांना जास्त सांगायला नको, तीच करवत, फक्त मोटरवर.

माझं मशीन १६ इंची, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत ४०६ एमएम जागा. मोटर १२० वॅट, मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोक (पात्याच्या खालीवर फेऱ्या), नॉब फिरवून कमीजास्त होतात, टेबल एका बाजूला ४५ अंशांपर्यंत झुकतं, पाती ५ इंची लागतात. साधारण १३ हजारांना पडलं, सेल, बँकेची ऑफर सगळं धरून. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. याच ढाच्याचं मशीन रंग आणि स्टिकर बदलून कितीतरी नावांनी विकलं जातं, त्यामुळे खाली जे चांगलंवाईट लिहिलंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आता मुख्य मुद्दा, जो घेण्याआधी मला दुकानातही कोणी सांगितला नाही आणि ऑनलाइन रिव्ह्यूमध्येही कुठे दिसला नाही. स्क्रोल सॉची पाती दोन प्रकारची येतात, पिनवाली आणि बिनपिनची. पिनवाल्या पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते, ती खाचेत अडकवली की झालं, लावायला एकदम सोपं. पण जाळीचं काम करायचं म्हणजे आतल्या प्रत्येक खिडकीत (नक्षीतल्या कापून काढायच्या बंद जागेत) आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून पातं ओवायचं असतं, आणि ती पिन जायला निदान ३-४ एमएमचं भोक लागतं. बारीक नक्षीत एवढं भोक म्हणजे नक्षीच गेली. बिनपिनचं ३ नंबरचं पातं दीड एमएमच्या भोकातूनसुद्धा आरामात जातं. म्हणून मशीन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की बिनपिनची पाती धरणारा क्लॅम्प आहे का, आणि असला तर तो कसला आहे.

माझ्यात होता, ॲडॅप्टर म्हणून वेगळा दिला होता. वरखाली एकेक छोटा ठोकळा, ॲलन कीने स्क्रू आवळायचा. ह्या स्क्रूचं लोखंड इतकं मऊ की थोड्याच दिवसांत षटकोनी खाच गोल झाली आणि की नुसतीच फिरायला लागली. कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही, परत केला, मग एक ऑटोमॅटिक उत्तर आलं. शेवटी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेले, एका दुकानात ठोकळा दाखवला, त्या काकांनी डबा उघडून त्याच मापाचे कडक पोलादाचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) काढून दिले, मूठभर घेतले तरी वडापावच्या पैशात. तेव्हापासून कटकट नाही.

तरी पातं बदलायची गती हा ह्या मशीनचा खरा कमकुवतपणा आहे आणि तो राहणारच. परदेशी व्हिडिओंत लोक दहा सेकंदांत पातं एका खिडकीतून काढून दुसरीत ओवतात, ती मशीनं वेगळी, डिवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८ वगैरे २० इंची, त्यांत ताण द्यायची लिव्हर पुढेच असते आणि क्लॅम्पला हत्यार लागत नाही. आपल्या बजेट मशीनमध्ये ताणाचा नॉब मागे, म्हणजे प्रत्येक खिडकीला मागे हात घालून ताण सोडा, पुढे येऊन ॲलन कीने वरचा स्क्रू ढिला करा, लाकूड काढा, नवीन भोकात ओवा, आवळा, परत मागे ताण द्या. चाळीस खिडक्यांची जाळी असेल तर चाळीस वेळा. देव्हाऱ्याच्या दाराची जाळी केली तेव्हा कापण्यापेक्षा ह्यातच जास्त वेळ गेला असेल. ज्यांना नुसते बाहेरचे आकार कापायचेत, खेळणी, कोडी, प्राणी, त्यांना हा त्रास जाणवणारही नाही.

पात्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण १३ हजारांच्या मशीनवर चांगलं पातं लावलं तर काम सुंदर होतं आणि महागड्या मशीनवर भिकार पातं लावलं तर लाकूड जळतं. मशीनबरोबर आलेली पाती सरळ बाजूला ठेवा. नंबर जितका मोठा तितकं पातं जाड, १ आणि ३ बारीक कामाला, ५ रोजच्या ६ ते १२ एमएमला, ७-९ जाड सागाला. रिव्हर्स टूथ म्हणून मिळतात त्यांचे खालचे थोडे दात उलटे असतात, त्यामुळे खालच्या बाजूला प्लायचे कुसळ निघत नाहीत, मला तरी प्लायसाठी हीच सगळ्यात आवडली. पेगासची स्विस पाती महाग आहेत पण एकदा वापरली की लोकल पाती हातात घ्यावीशी वाटत नाहीत. नवीन पात्याला तेलाचा हात असतो त्यामुळे क्लॅम्पमधून सटकतं, दोन्ही टोकं आधी पॉलिश पेपरवर घासून घ्यायची. ताण पुरेसा आहे का ते बघायला नखाने टिचकी मारायची, टिंग असा बारीक स्वच्छ सूर आला पाहिजे, धप्प आवाज आला तर ढिलं आहे.

आणि नवीन माणूस हमखास वैतागतो ती गोष्ट म्हणजे सरळ रेघ सरळ कापली जात नाही, पातं उजवीकडे पळतं. मशीन बिघडलेलं नसतं. पात्याचे दात पाडताना एका बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, राहतो, ती बाजू जास्त चावते. लाकूड थोडं तिरकं धरून ढकलायचं, काही दिवसांत हाताला आपोआप कळतं आणि मग तिरकं धरलंय हे लक्षातही येत नाही.

स्ट्रोक जेमतेम पाऊण-एक इंचाचा असतो, त्यामुळे पातळ प्लाय कापताना पात्याचा तेवढाच तुकडा झिजतो आणि बाकीचे दात कोरे राहतात. टेबलावर १० एमएमचा एक प्लायचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवून उंची वाढवली की वरचे नवे दात कामाला येतात, जवळपास एका पात्यात दोन पाती. ही युक्ती मला फार उशिरा कळली, कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

झवेरी बाजाराच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत, तिथली बारीक पाती पण ह्या क्लॅम्पमध्ये बसतात, लांबी जवळपास तीच असते. ती धातूसाठी. पितळेचा पातळ पत्रा दोन प्लायच्या मध्ये सँडविच करून, पात्याला मेण लावून, स्पीड सगळ्यात कमी ठेवून कापला तर छान कापला जातो. हे काम चुकून सुरू केलं आणि आता लाकडापेक्षा ह्यातच जास्त रमते की काय असं झालंय.

लाकूड. सागाचे तुकडे इंटिरिअरवाल्यांकडून मिळतात, दिसायला राजा, पण सागात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. शिवण मऊ, कापायला मस्त. शिसव सुंदर पण त्याच्या भुशाने माझ्या हातावर पुरळ आलं, बऱ्याच जणांना येतं, सांभाळून. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन सरावाला चांगलं, फक्त गाठी बघून घ्या. प्लाय घेताना साधं आयएस ३०३ (हा भारतीय मानकाचा नंबर, प्लायवर छापलेला असतो) चं स्वस्त पडतं पण आतल्या थरात पोकळ्या निघतात आणि नेमकी नक्षीची बारीक दांडी त्या पोकळीवर आली की तुटली, त्यापेक्षा आयएस ७१० चं मरीन प्लाय थोडं महाग असलं तरी आतून भरीव असतं. त्याच्या डिंकाने पाती झिजतात ते वेगळं. डिझाइन चिकटवायला आधी लाकडावर मास्किंग टेप, टेपवर ग्लू स्टिकने कागद, आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप. ह्या वरच्या टेपने काप जळत नाही, सागात तर फरक लगेच दिसतो.

मशीन जोडल्यावर टेबलावरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, माझ्यात शून्य दाखवत असताना टेबल चांगलंच कललेलं होतं. छोटा गुण्या पात्याला लावून बघा. पाय म्हणून जो लाकूड दाबणारा पत्रा दिलाय तो बहुतेक सगळे काढूनच टाकतात, मीही काढला. भुसा उडवणारी हवेची नळी फुंकल्यासारखं करते, रेघ दिसत नाही. फिश टँकचा एअर पंप जोडला, प्रश्न संपला. पायाने दाबायचा पेडल स्विच घेणार असाल तर आधी बघा, मशीनला वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू न होणारं लाल-हिरवं मॅग्नेटिक बटण असेल तर पेडल चालत नाही.

आवाज. मोटरचा आवाज मिक्सरपेक्षा कमी, खरा त्रास थरथरीचा. डायनिंग टेबलवर ठेवलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की घरात काय सुरू केलंय. मग सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी स्टँड बाल्कनीत होता, त्यावर १८ एमएम प्लायचे दोन थर, खाली रबर मॅट, आणि मशीन चारही बोल्टने घट्ट. थरथर अर्ध्याहून कमी झाली, ९०० स्ट्रोकच्या आसपास एक टप्पा येतो तिथे अजून थोडं नाचतं, तो वेग टाळते. सासूबाईंचं म्हणणं स्टँडचं सोनं झालं. माझ्या बाल्कनीत दुसरं काही मावत नाही आता.

भुशाबद्दल कोणी गंभीरपणे बोलत नाही म्हणून मी बोलते. स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो, जमिनीवर पडण्याऐवजी हवेत राहतो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत. एन ९५ मास्क लावल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही, एमडीएफ (लाकडाचा बारीक चुरा डिंकाने दाबून केलेली फळी) तर कापतच नाही.

आता केलं काय काय. सगळ्यात जास्त मागणी नावाच्या पाट्यांना. इथे देवनागरीचा फायदा होतो, शिरोरेघेमुळे अख्खं आडनाव एका सलग तुकड्यात कापून निघतं, इंग्रजी पाटीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि मग ते ओळीत चिकटवत बसा. व, ब, क ला पोट आहे म्हणजे तिथे आतून काप. घोळ फक्त अनुस्वाराचा, तो टिंब सुटा पडतो. मी डिझाइनमध्येच त्याला खालून बारीक देठ देते, शिंदे, सावंत सगळ्यांना देठ. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

भाच्यासाठी महाराष्ट्राचं जिल्ह्यांचं कोडं केलं. नकाशाचे तुकडे करून भूगोल शिकवायची कल्पना लंडनच्या जॉन स्पिल्सबरीची, १७६० च्या दशकातली, तेव्हापासून चालू आहे. नेटवरून उतरवलेला नकाशा कापायला बसणार तर त्यात ३५च जिल्हे, पालघर २०१४ च्या ऑगस्टमध्ये झालेला, नकाशा त्याच्या आधीचा. नवीन नकाशा शोधला. विदर्भ, मराठवाडा भराभर होतात, पण मुंबई शहर आणि उपनगर हे तुकडे इतके चिमुकले की कापताना टेबलाच्या फटीतून खाली जातात, फटीवर जुनं प्लास्टिकचं कार्ड चिकटवून त्यातूनच पातं वर काढलं की बारीक तुकडेही वरच राहतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्या १ नंबरच्या पात्याने. दोन प्लाय एकावर एक चिकटवून कापले त्यामुळे दोन कोडी एकदम झाली, एक शेजारी गेलं. भाचा आता गडचिरोली डोळे मिटून ओळखतो.

गणपतीचं मखर सध्या चालू आहे. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी मखर विकतच आणायचो, ह्या वर्षी ६ एमएम प्लायची कमान करतेय, जोड सगळे खाचेत बसणारे म्हणजे विसर्जनानंतर सुटी करून पलंगाखाली जाईल.

आणि हो, प्रत्येकजण विचारतो की लेझरवाला हेच अर्ध्या तासात करून देतो मग एवढा खटाटोप का. देतो ना. त्याची कड काळी जळकी येते, आणि १८ एमएमचा साग घेऊन गेलात की तो नको म्हणतो. शंभर एकसारख्या पाट्या हव्या असतील तर जा त्याच्याकडेच, मला वाद घालायचा नाही.

डोंबिवलीच्या पावसाळ्यात टेबलावर पहिल्याच आठवड्यात गंजाचे ठिपके आले. बारीक पॉलिश पेपर आणि वर साधं फर्निचरचं मेण, आता दर पंधरवड्याला. सिलिकॉनवालं कार पॉलिश नको, ते लाकडाला लागलं तर पुढे लॅकर धरत नाही. ४ एमएम प्लाय ह्या हवेत पापडासारखं वाकतं, कापलेले तुकडे रात्री जड पुस्तकांखाली.

पाचपैकी साडेतीन स्टार. नवशिक्याने २० इंची महागड्या मशीनच्या मागे लागू नये, फक्त बिनपिनचा क्लॅम्प बघून हेच घ्यावं. मशीनबरोबरच ३ आणि ५ नंबरची रिव्हर्स टूथ पाती डझन डझन मागवा, मागाहून मागवली तर यायला वेळ लागतो आणि तोवर हात शिवशिवतात. गोल पिळाची स्पायरल पाती सुरुवातीला नको, ती सगळ्या दिशांना कापतात हे ऐकायला भारी वाटतं पण त्यांची कड खरबरीत येते आणि नंतर कानशीने घासत बसावं लागतं.