1770 ची टोपी म्हणून इलास्टिक गळ्यात मारलं

व्हर्जिनियातल्या आमच्या गावात 1770 च्या दशकातलं एक घर जपून ठेवलंय. दर शनिवारी त्या काळचा पोशाख घालून मी तिथलं स्वयंपाकघर लोकांना दाखवते. गाऊन, पेटीकोट स्वतः शिवले. टोपी तेवढी विकत घेतली आणि तिथेच फसले.

तेव्हा बायका सहसा उघड्या डोक्याने वावरत नसत. केस वर बांधून पांढरी लिननची टोपी, बाहेर पडताना तिच्यावर चपटी गवती हॅट. होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने आपल्या सहा नोकरांचे चेहरे एकाच चित्रात रंगवलेत, त्यातल्या बायकांच्या टोप्या बघा. मला तशीच हवी होती.

ऑनलाइन एक जाहिरात दिसली: 'अस्सल लिनन, संपूर्ण हातशिलाई', 68 डॉलर. फोटो सुरेख, पण सगळे समोरून काढलेले. 'साइटबाहेर पैसे पाठवलेत तर 10 डॉलर कमी,' असं विक्रेती म्हणाली. मी पाठवले.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. आत गोल कापलेलं कापड, काठाला सगळीकडून इलास्टिक, मागेपुढे सारखीच झालर. खऱ्या टोपीत कपाळावरून कानांपर्यंत येणारी पट्टी वेगळी कापतात, मागचा घेर चुण्या घालून तिला जोडतात. झालर चेहऱ्याभोवती, मानेपाशी ओढून बांधायची नाडी. रबर टिकाऊ करायच्या कृतीचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर या संशोधकाला मिळालं 1844 मध्ये. मग 1770 च्या टोपीत इलास्टिक येईल कुठून? उलटी करून पाहिली तर कडेला ओव्हरलॉक, म्हणजे मशीनने घातलेली शिलाई. दोन धागे उसवून काडी लावली. लिनन कागदासारखं जळतं, राख बोटांत चुरते. हे वितळलं आणि काळा टणक मणी उरला. चक्क पॉलिएस्टर!

'ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही,' एवढंच उत्तर आलं. व्यवहार बाहेर झालेला, त्यामुळे साइटनेही हात वर केले. 58 डॉलर गेले ते गेलेच. शाळेची मुलं तिथे येतात. ही टोपी घालून मी त्यांना 'तेव्हा असं असायचं' म्हणून सांगितलं असतं, हे जास्त लागलं.

पैसे देण्याआधी टोपी उलटी करून काढलेला फोटो मागा, मानेकडच्या नाडीचाही मागा. नंतर जिच्याकडून मी टोपी घेतली, तिने ते न मागताच पाठवले. पहिली जाहिरात तिला दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "हा फोटो तर मी काढलेला आहे. टोपीही माझीच."