युरोलीग विमेन: अख्खा हंगाम बघून झाल्यावर

२०२४ च्या ऑक्टोबरात ठरवलं की युरोलीग विमेनचा, म्हणजे युरोपातल्या महिला बास्केटबॉल क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, पूर्ण हंगाम बघायचा. हायलाइट्स नाहीत, तुकडे नाहीत, जमतील तेवढे सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत. १३ एप्रिल २०२५ ला अंतिम सामना झाला, त्यानंतरच हे लिहायला घेतलं. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर 'झोपेचं खोबरं झालं' एवढ्या एका वाक्यात आटोपलं असतं.

कारण वेळ. सामने बहुतेक बुधवारी, युरोपातल्या संध्याकाळी. प्रागमध्ये सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दोन क्वार्टर डोळे टक्क उघडे, तिसऱ्यात मान छातीवर, आणि जाग येते तेव्हा हँडशेक चाललेले. सकाळी डबे करताना मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून चौथं क्वार्टर पाहिलंय मी, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. ३० मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली आणि तेच सामने साडेदहावर आले, तेव्हा घरात साखर वाटायची तेवढी बाकी होती.

स्पर्धेची रचनाही पहिल्या दमात डोक्यात शिरत नाही. १६ क्लब, चार-चारचे चार गट. मग सहा-सहाचे दोन. मग बाद फेऱ्या, आणि शेवटी सहा संघ एकाच शहरात, या वेळी स्पेनमधल्या झारागोझात. आधी 'फायनल फोर' असायचं, या हंगामापासून 'फायनल सिक्स'. मी फ्रीजच्या दारावर कागद लावून तक्ता भरत गेले. मुलगी विचारायची, "आई, हे कुठलं पंचांग?"

खरी निराशा वेगळीच होती. मी बसले होते बड्या नावांसाठी. अमेरिकन स्टार ब्रिआना स्टुअर्ट २०२३ मध्ये फेनरबाहचेकडून खेळली आणि इस्तंबूलच्या या क्लबाने, आधी चार अंतिम सामने हरल्यावर, पहिल्यांदा करंडक उचलला. पुढच्या वर्षी तिथे दुसरी अमेरिकन, नफीसा कोलियर, आली, पुन्हा करंडक. या हंगामात दोघीही नाहीत. त्यांनी मिळून मायामीत तीन विरुद्ध तीनची 'अनरायव्हल्ड' नावाची स्वतःची लीग काढली, जानेवारी २०२५ पासून. आता दोष कुणाला द्यायचा? अमेरिकन मुली हिवाळ्यात युरोप गाठायच्या त्या पैशासाठी. २०१५ साली रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबाने अमेरिकेच्या डायना टौरासीला उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग) खेळू नये, विश्रांती घ्यावी म्हणून पैसे मोजले होते, एवढा तो फरक. २०२२ पासून रशियन क्लब स्पर्धेबाहेर आहेत, आणि घराजवळच कमाई होत असेल तर बर्फात कोण जाईल? कळतं सगळं. तरी डिसेंबरात दोनदा बंद करून झोपले होते.

मग हळूहळू डोळा बसला. मी विद्यापीठापर्यंत सेंटर, म्हणजे रिंगजवळची खेळाडू, म्हणून खेळले, त्यामुळे बॉल जिथे आहे तिथे बघायची सवय. इथे बॉल नसलेल्या चौघींकडे बघायला लागले आणि सामना पालटला. एक बचावपटू स्क्रीनला (वाट अडवून उभ्या प्रतिस्पर्धी खेळाडूला) अडकली की दुसरी तिच्या जागी, तिसरी रिंगखाली, चौथी अर्धं पाऊल आत आणि नजर मात्र कोपऱ्यातल्या शूटरवर. बॉल फिरला की चौघी परत आपापल्या जागी, जसं काही झालंच नाही. बॉल टाकायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ पाचवर आलं की आक्रमण करणारीच्या खांद्यात ताठपणा दिसतो. हे हायलाइट्समध्ये कधीच येत नाही, कारण शेवटी काहीच घडत नाही. बॉल रिंगला लागून बाहेर, एवढंच.

अंतिम सामना प्रागच्या यूएसके क्लबाने तुर्कीतल्या मेर्सिनविरुद्ध ६६-५३ असा जिंकला. ऑक्टोबरातली मी हा स्कोअर बघून नाक मुरडलं असतं. चाळीस मिनिटांत ५३ गुण! पण मेर्सिनला प्रत्येक बास्केटसाठी रडवलं होतं. बिचारे मेर्सिनवाले, २०२३ चा अंतिम सामना फेनरबाहचेकडून ९९-६० असा हरले होते, आता पुन्हा तेच. प्रागच्या प्रशिक्षक नातालिया हेयकोवा सत्तरीच्या. १९९९ मध्ये स्लोव्हाकियातल्या रुझोम्बेरोकच्या क्लबाला याच स्पर्धेचा करंडक त्यांनीच मिळवून दिला होता. मला या बाईंसाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण घरचे झोपले होते.

याचा एक प्रत्यक्ष उपयोगही झाला. शनिवारी सकाळी मी सिमेंटच्या कोर्टवर शाळेतल्या मुलींना शिकवते. आमच्याकडे वर्षानुवर्षं पुरुषांचा सात नंबरचाच बॉल, मुलींचा सहा नंबरचा असतो हे कुणाच्या गावीही नाही. फेब्रुवारीत वर्गणी काढून दोन घेतले. मग मोबाईलवर एकच बचाव चार वेळा दाखवला, आवाज बंद करून. पुढच्या शनिवारी आमची सर्वांत बुटकी मुलगी "मदत, मदत!" ओरडत रिंगखाली सरकली. उशिरा पोचली, फाऊल झाला, पण सरकली.

अशा मुलींनी पुढे काय व्हायचं हा प्रश्न सामने बघताना येतोच. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. पण आपल्याकडे चांगली खेळाडू क्लबच्या करारावर नाही, रेल्वेच्या नोकरीवर उभी राहते. नोकरी पक्की, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त दर बुधवारी भरलेल्या हॉलमध्ये खेळणं तिच्या वाट्याला येत नाही.

कुणी बघायचा विचार करत असेल तर पहिला गट टप्पा सरळ सोडा. सहा-सहाचे गट सुरू झाले की बसा, एकच संघ धरा आणि त्याचे लागोपाठ चार सामने बघा. धावांचा पाऊस हवा असेल तर आयपीएल आहेच. आमच्या फ्रीजवरचा कागद मी अजून काढलेला नाही. मुलीने मेर्सिनपुढे रडका चेहरा काढून ठेवलाय.