जेआरएफ की पीएमआरएफ? रसायनशास्त्रात पीएचडीला निघालेल्यांसाठी

आधी पैशांचं बोलू. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (पीएचडी करताना मिळणारं दरमहा मानधन), निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं सीनियर रिसर्च फेलोशिप (एसआरएफ) म्हणून ४२,०००, वर घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, २०१८ साली आली ती पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षं ८०,००० अशी. पाच वर्षांची बेरीज, घरभाडं सोडून, २४ लाख आणि ४५ लाख.

मला मात्र दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सीएसआयआरच्या जेआरएफला वर्षाची कंटिंजन्सी, म्हणजे किरकोळ संशोधन खर्चाची रक्कम, २०,०००, तर पीएमआरएफला संशोधन अनुदान दोन लाख. सिंथेसिस, म्हणजे प्रयोगशाळेत नवी संयुगं तयार, करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. एनएमआर या रेणूची रचना तपासणाऱ्या चाचणीसाठी ड्युटेरेटेड सॉल्व्हंट (खास द्रावक), संयुगं वेगळी करायच्या कॉलमची सिलिका, पॅलेडियमचा एखादा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक), एवढ्यात २०,००० संपतात. मग गाईडच्या प्रोजेक्टमध्ये पैसे असतील तरच काम पुढे सरकतं. संगणकावर काम करणाऱ्या कॉम्प्युटेशनलवाल्यांना ही झळ कमी.

पण जेआरएफ तुमची स्वतःची असते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) जा, मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) जा, नाहीतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आवडत्या विषयाच्या गाईडकडे. ती सोबत येते. पीएमआरएफ ठरावीक संस्थांपुरतीच. त्यातही २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या १०,००० फेलोशिप आयआयटी आणि आयआयएस्सीतल्या तंत्रज्ञान संशोधनासाठी आहेत. त्यामुळे तुम्ही अर्ज कराल त्या वर्षीचं परिपत्रक वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

नेट म्हणजे तीन तास, २०० गुण. त्यातले १०० पार्ट सी या शेवटच्या भागाचे, त्यात ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी चिकाटीने अभ्यास करून जेआरएफ काढू शकते, म्हणून मला या परीक्षेबद्दल फार आस्था आहे. पीएमआरएफला संशोधनाचं प्रपोजल आणि मुलाखत असते. एमएस्सीत ज्यांना धड प्रयोगशाळाच मिळाली नाही, त्यांना हे जड जातं.

म्हणून नेट आणि गेट (अभियांत्रिकी-विज्ञान पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा) दोन्ही द्याच. आयआयटीत प्रवेश मिळाला तर पीएमआरएफसाठी जरूर प्रयत्न करा, पण केवळ ७०,०००साठी चांगला गाईड सोडू नका. होकार कळवण्याआधी त्या लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना एकांतात गाठा. उपकरणावर वेळ किती दिवसांनी मिळतो आणि आधीच्यांचे थिसिस किती वर्षांत जमा झाले, एवढं विचारा.