सोलापूरच्या नवी पेठेतलं गणवेशाचं दुकान: आत भरपूर माया, खरेदीची सक्ती नाही

शाळेचा शर्ट चांगला शिवलाय का हे बघायचं तर तो उलटा करून बघावा. पुढून सगळेच शर्ट चांगले दिसतात. अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं गणवेशाचं काज-बटण आणि फिनिशिंग केलंय, त्यामुळं दुकानात गेलं की माझा हात आधी आतल्या शिलाईवर जातो. नवी पेठेतल्या या दुकानात बाजूची शिलाई ओव्हरलॉक केलेली आहे, बगलेत दुहेरी टाका आहे, कॉलर मुठीत चुरगाळून सोडली तरी परत सरळ होते. बटण ओढून बघितलं, हललं नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे पँटच्या पायाला आणि स्कर्टच्या घेराला आत दुमडलेली माया, म्हणजे जादा ठेवलेलं कापड, चांगली दोन-अडीच इंच आहे. पोरं वाढत्या अंगाची. आठवीत घेतलेली पँट उसवून खाली सोडली की नववीलाही जाते. कापड वाचवायचं म्हणून हीच माया अर्ध्या इंचावर आणणारे कारखाने मी आतून बघितलेत, म्हणून हे आधी लिहिलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक काकांनीच तशी विनंती केली. काही शाळांच्या ऑर्डरी त्यांच्याकडं असतात, आणि शाळांच्या नियमांबद्दल मला जे बोलायचंय त्याचा त्रास त्यांना व्हायला नको. गणवेश घ्यायला नवी पेठेत येणाऱ्या बायकांना दोन वाक्यांत कळेल की मी कुठल्या दुकानाबद्दल बोलतेय.

आधी भाव. माझ्या धाकट्याच्या मापाचा शर्ट आणि हाफ पँट मिळून सातशेच्या आत बसलं. थोरलीचा सलवार-कुर्ता आणि ओढणी याला जास्त पडले, पण ओढणीची कडसुद्धा नीट दुमडून शिवलेली होती. मोजे मात्र इथं घेऊ नका, दोन धुण्यांत इलॅस्टिक जातं. आणि मुलींना घालून बघायला नुसता एक पडदा आहे, तोही दुकानाच्या मधोमध. काकांना मी तोंडावर सांगितलं, आठवी-नववीच्या मुली पडद्याआड स्कर्ट बदलायला लाजतात, मागच्या गोडाऊनमध्ये कडी असलेली खोली करा. "करतो अक्का," म्हणालेत. बघू.

या दुकानाची खरी किंमत मला कळली ती काउंटरखालच्या फाईलमुळं. शहरातल्या आणि आसपासच्या शाळांचे नियम काकांनी एकेका कागदावर लिहून ठेवलेत. कापडाचा रंग, चौकटीचा नमुना, स्कर्ट गुडघ्याखाली किती, बेल्ट कसा, मोज्याला पट्टी आहे का, रिबन काळी की लाल. गिऱ्हाईक शाळेचं नाव सांगतं, काका पान उलटतात आणि त्याप्रमाणं माल काढतात. ती फाईल मी हातात घेऊन वाचली. एवढ्या शाळांचे नियम एकाखाली एक वाचले की कुठला नियम विचार करून केलाय आणि कुठला नुसता चालत आलाय हे लगेच दिसतं.

टायचंच घ्या. सोलापुरात मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, एप्रिलमध्ये त्याच्याही वर जातो, तोवर परीक्षा सुरूच असतात. अशा उन्हात पत्र्याच्या वर्गात सहा-सात वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय आणि अंगात निम्म्याहून जास्त पॉलिस्टरचं कापड. घाम टिपला जात नाही, मानेवर पुरळ उठतं. जी शाळा आपल्या नियमात कापडात सुताचं प्रमाण किती हे लिहिते, तिनं पोरांचा विचार केलाय. जी फक्त टायचा रंग लिहिते तिनं केलेला नाही. काकांकडं सुती जास्त असलेलं कापडही आहे, थोडं महाग, आणि त्याच रंगात. शाळेनं हरकत घेतली नाही तर तेच घ्या.

स्कर्टचंही तसंच. थोरली सायकलनं शाळेत जाते. स्कर्ट गुडघ्याखाली असला तरी सायकलवर वारा काही नियम वाचत नाही. काकांच्या शिंपी मास्तरांनी आपणहून सांगितलं, "स्कर्टच घ्यायचा असेल तर आतून त्याच कापडाची चड्डी जोडून देतो, नाहीतर तुमच्या शाळेच्या कागदात सलवारही चालतीय बघा." शाळेनं ते छापील पत्रकात एका ओळीत दिलं होतं, आमच्या नजरेतून सुटलं असतं. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलग्यांना आणि मुलींना सारखीच गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि शर्ट दिलाय. खो-खोला, पळायला, बसायला सोपं. शिवणारीच्या नजरेनं सांगते, शिवायलाही सोपं.

गणवेश असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी आई विड्या वळायची. दोघी बहिणींना सणाला एकेक फ्रॉक, पण शाळेत गेल्यावर आमचा निळा-पांढरा पोशाख वकिलाच्या मुलीच्या पोशाखासारखाच दिसायचा. बाहेर कोण काय आहे हे वर्गात पोचेपर्यंत झाकलं जायचं. शिवाय सोलापूरचं पोट आता चादरी-टॉवेलइतकंच गणवेशावर चालतं. इथून दुसऱ्या राज्यांत माल जातो, घरोघरी बायका काज-बटण आणि धागाकटाई करतात. गणवेश रद्द करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच जाणार नाही.

पण गणवेशाचा निर्णय कुणी करावा, हे महत्त्वाचं. २०२४-२५ मध्ये राज्यभरच्या सरकारी शाळांना एकच गणवेश द्यायचं ठरलं. कापड वरून येणार, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी करायची. एका गणवेशामागं शिलाई आणि वरखर्च मिळून ११० रुपये. शर्ट-पँट शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, त्यात धागा, बटण, वीज आणि तिचा दिवस बसतो का. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी कित्येक पोरांच्या अंगावर गणवेश आला नव्हता, काहींना आला तो मापात बसेना. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिले. तेच योग्य झालं. माप गावात घेतलं जातं, मंत्रालयात नाही. त्या समितीत पालक असतात, तिथं एखादी शिवणारी बाईही बसवावी.

दुसरं, या दुकानात सक्ती नाही. "या शाळेचं दुसरीकडंही मिळतं, फिरून बघा," असं काका स्वतः सांगतात. ठरावीक दुकानातूनच साहित्य घ्यायची सक्ती शाळांनी करू नये असा शासन निर्णय २००४ पासून आहे, तरी जूनमध्ये पालकांच्या हातात एकाच दुकानाची चिठ्ठी देणाऱ्या शाळा मी बघितल्यात. काका खिशावरचा बिल्ला सुटाही देतात. मागच्या वर्षीचा शर्ट चांगला असेल तर नुसता बिल्ला घ्या आणि घरी टाका. एवढ्यासाठी कुणी पोटाला चिमटा काढून नवा शर्ट घेऊ नये.

आता रिबनचा काउंटर. दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला. काळ्या, लाल, पांढऱ्या रिबनी, हेअरबँड, काळ्या पिना, रबर, गणवेशाच्या रंगाचे स्कार्फ. माझं खरं बोलणं इथं सुरू होतं, कारण इथून नियम कापड सोडून डोक्यावर चढतात.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. धाकटा जन्मला तेव्हा फार आजारी होता, सासूबाईंनी तिरुपतीचा नवस केला. तिथं जाऊन केस द्यायचे. यंत्रमागाला मंदी, यांना सुट्टी नाही, जाणं लांबत गेलं आणि पोराचे केस खांद्यावर आले. मी रोज तेल लावून, घट्ट बांधून पाठवायची. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत त्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी त्याचे केस चिमटीत धरले. केस चिमटीत आले की लांब, असा त्यांचा हिशोब. "उद्या कापून ये, नाहीतर इथंच कापतो," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि त्याला रांगेबाहेर उभं केलं. त्या दिवशी घरी येऊन पोरगं जेवलं नाही. रात्री शिलाई मशीनच्या खणात कात्री शोधताना मला सापडलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. रांगेत उभं करून केस कापायची धमकी हा मानसिक छळ नाही तर काय? मी मुख्याध्यापक बाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवस फिटेपर्यंत केस बांधून येऊ दे म्हणाल्या. बरं वाटलं. पण जिना उतरताना मनात आलं की हा नवस नसता तर? ज्या पोराला नुसते लांब केस आवडतात, ज्याच्या घरी देवाचं कारण नाही, त्याला रांगेबाहेर उभं केलेलं चाललं असतं का? मला नाही चालणार. माझ्या पोराला मिळालेली सूट देवामुळं मिळाली, आणि ती तशी मिळाली हे मला अजून पटत नाही.

शर्टाचं काय, तो पाच वाजता घरी आला की खुंटीवर जातो. पोरगं आपल्या कपड्यांत खेळायला पळतं. केस खुंटीवर टांगता येत नाहीत. शाळेनं कापायला लावलेले केस घेऊन ते पोर घरी असतं, मावशीच्या लग्नात असतं, मे महिन्याच्या सुट्टीत असतं. शाळेचा अधिकार शाळेच्या वेळेपुरता. चोवीस तासांवर तिचा हक्क कुठून आला? म्हणून माझ्या मते कपड्याचा नियम शाळेनं करावा, पालकांना विचारून करावा. केसांबद्दल मात्र एवढंच सांगावं की धुतलेले असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, लांब असतील तर बांधावेत. प्रयोगशाळेत बर्नर पेटतो, तिथं मोकळे केस नकोतच. उवा झाल्या तर घरी चिठ्ठी पाठवावी, आम्ही फणी घेऊन बसू. यापुढं लांबी मोजायची गरज नाही.

शिक्षक म्हणतात, ढील दिली की पोरं खेळाडूंचं बघून कानावर रेघा मारून घेतात, रंग लावतात, वर्गाचं लक्ष तिकडं जातं. जाईल की, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं शिक्षकांनाही पोशाखाचे नियम लावले, जीन्स नको, टी-शर्ट नको. आमच्या गल्लीतल्या एक शिक्षिका तेव्हा दुखावून म्हणाल्या होत्या, काय घालावं हे आम्हाला कळत नाही का. मला त्यांचं म्हणणं पटलं. तोच विश्वास पोरांवर त्यांच्या डोक्यापुरता तरी ठेवा.

मुलींच्या बाबतीत तर लांब केसांचीच सक्ती. दोन वेण्या, वर दुमडून रिबनीत बांधलेल्या. सकाळी सातच्या शाळेला वेण्या घालायला आईनं किती वाजता उठायचं? थोरलीनं उन्हाळ्यात केस खांद्यापर्यंत केले, तर पत्रकात त्यासाठी जागाच नव्हती. काकांच्या काउंटरवरच्या मुलीनं गणवेशाच्या रंगाचा हेअरबँड काढून दिला, "हा चालतोय, मागच्या वर्षी तुमच्याच शाळेच्या पोरी नेल्यात." खरंच चालला. वीस रुपयांत प्रश्न सुटला.

स्कार्फबद्दल, म्हणजे मुस्लिम मुलींच्या हिजाबबद्दल, लिहायचं टाळणं मला बरं वाटत नाही. शेजारच्या कर्नाटकात २०२२ मध्ये त्यावरून कॉलेजच्या फाटकावर मुली अडवल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर ऑक्टोबरमध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मी कायदा शिकलेली नाही. या काउंटरवर माझ्या शेजारी उभी असलेली आई गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ मोजून घेत होती, कड सरळ आहे का बघत होती. रंग शाळेचा असेल, चेहरा दिसत असेल, तर बाईंचं शिकवणं कुठं अडतं ते मला कुणी समजावून सांगावं. फाटकातून परत गेलेल्या मुलीचा त्या दिवसाचा धडा बुडतो, एवढं मला कळतं.

दुकानाबद्दल राहिलेलं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत माप नीट घेतलं जात नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा, मास्तर तेव्हा टेप घेऊन मोकळे असतात. गाडी दूर लावून चालत या. पावती जपा, न धुतलेला कपडा काका बदलून देतात. उंची सोडून द्यायला, कंबर आत घ्यायला दिवाळीपर्यंत पैसे घेत नाहीत. गणवेशाच्या कपड्यांसाठी या दुकानाला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो पडद्यासाठी, खोली झाली की तोही देईन.