रुग्णांच्या नोंदी अर्धवट असतील तर: गाळायच्या की भरायच्या?

प्रबंधाची एक्सेल शीट उघडली की रिकामे रकाने दिसतातच. कुणाची एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची चाचणी) राहिलेली, कुणी सहा महिन्यांच्या फॉलोअपला फिरकलंच नाही. बहुतेक सॉफ्टवेअर रिग्रेशन (घटकांचा परिणामाशी संबंध मोजणारं विश्लेषण) करताना अशा ओळी परस्पर गाळून टाकतात. याला कम्प्लीट केस अॅनालिसिस म्हणतात.

यातली गळती चटकन लक्षात येत नाही. दहा घटकांत प्रत्येकी 5 टक्के नोंदी एकमेकांशी संबंध नसताना गायब असतील, तर पूर्ण ओळी उरतात जेमतेम 60 टक्के. तरी ही पद्धत वाटते तितकी वाईट नाही. मॉडेलमधले घटक विचारात घेतल्यावर नोंद नसण्याचा आउटकमशी, म्हणजे ज्या परिणामाचा अभ्यास आहे त्याच्याशी, संबंध उरत नसेल, तर रिग्रेशनचं उत्तर बरोबर येतं. फक्त कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे उत्तराभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा, रुंदावतो. मोजक्याच ओळी जात असतील तर मी इथेच थांबेन.

शेवटची नोंद पुढे ओढण्याची पद्धत, म्हणजे एलओसीएफ, मात्र नकोच. अल्झायमरमध्ये स्मृती उतरतच जाते. औषधाच्या दुष्परिणामांमुळे रुग्ण लवकर चाचणी सोडून गेला, तर त्याचा सुरुवातीचा बरा स्कोअर शेवटपर्यंत गोठतो आणि त्रासदायक औषधच गुणकारी ठरतं! अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनेही 2010 मध्ये बजावलं, की शास्त्रीय आधार असल्याशिवाय मुख्य विश्लेषणात ही पद्धत वापरू नये.

बेसलाइनच्या, म्हणजे सुरुवातीला नोंदलेल्या, बऱ्याच घटकांत विखुरलेल्या जागा रिकाम्या असतील, तर संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांचं मल्टिपल इम्प्युटेशन घ्या. उपलब्ध माहितीवरून प्रत्येक जागा अनेकदा भरायची, प्रत्येक संचाचं वेगळं विश्लेषण करायचं आणि निकाल एकत्र करायचे. 30 टक्के ओळी अपूर्ण असतील तर निदान 30 संच करावेत, असा ढोबळ नियम आहे. भरण्याच्या मॉडेलमध्ये आउटकम हवाच. हृदयविकाराचा धोका वर्तवणाऱ्या ब्रिटनच्या क्यूरिस्क अभ्यासात 2007 मध्ये सुमारे 70 टक्के रुग्णांच्या कोलेस्टेरॉलची नोंद नव्हती. ती सदोष रीतीने भरल्यामुळे कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी जवळपास संबंधच नाही, असं उत्तर आलं. इम्प्युटेशन सुधारल्यावर तो संबंध स्पष्ट दिसला.

एकच मोजमाप दर भेटीला घेतलं असेल आणि मधल्या किंवा शेवटच्या भेटी हुकल्या असतील, तर मिक्स्ड मॉडेल (एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी एकत्र हाताळणारं रिग्रेशन) सोपं पडतं. काहीही न भरता सगळ्यांच्या असलेल्या नोंदी वापरता येतात.

पण मल्टिपल इम्प्युटेशन आणि मिक्स्ड मॉडेल हे दोन्ही मार्ग एक गृहीत धरतात: नोंद का नाही, याचं कारण हाती असलेल्या माहितीतून कळतं. रक्तदाब खूप वाढल्यामुळेच रुग्ण आला नसेल, तर हे गृहीतक डळमळतं. म्हणून न आलेल्यांचा रक्तदाब अंदाजापेक्षा 5, मग 10 एमएमने जास्त धरून विश्लेषण पुन्हा करा, आणि निष्कर्ष कुठे उलटतो तो आकडा प्रबंधात लिहा.